तांदळाएवढं अंतर

दात घासायचा नाही, बूट चमकवायचा नाही आणि भिंती रंगवायचा तर नाहीच नाही. मित्रांनो, मी केसांना कलप लावायचा एक जुना ब्रश आहे. कलप म्हणजे पांढऱ्या केसांना द्यायचा रंग. तुमच्याही घरात कुणीतरी तो लावत असेल, आणि विचारलं तर "छे, मी कुठे लावतो!" असं म्हणत असेल. घाबरू नका, मी कुणाचं नाव सांगणार नाही. माझं अर्धं आयुष्य लोकांची गुपितं सांभाळण्यातच गेलं आहे.

मी कारखान्यात तयार झालो. माझा दांडा लाकडाचा आहे. त्याचं एक टोक निमुळतं, केसांचे भाग पाडण्यासाठी, आणि दुसऱ्या टोकाला तंतूंची दाट रांग. मला पहिल्यांदा हातात घेतलं ते तपासणीच्या टेबलाशी बसलेल्या एका बाईनं. ती प्रत्येक ब्रश स्वतःच्या गालावरून फिरवायची. टोचला, तर तो बाजूला टाकायची. मला तिनं दोनदा फिरवलं, कारण पहिल्या वेळी तिला गुदगुल्या होऊन हसू आलं. "जाईल हा," ती म्हणाली. मी मात्र तिच्या गालाच्या उबेनं थक्क होऊन गेलो होतो. लाकूड गार असतं, डबा गार असतो, पण ही कातडी आतून उबदार होती, आणि मी टेकल्याचं तिला कळत होतं! माणसाच्या अंगावर इतकं जागं, इतकं पातळ वस्त्र पांघरलेलं असतं हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. त्या आश्चर्यातून मी आजवर बाहेर आलेलो नाही.

तिथून मी ताईकडे आलो. ताईचं पार्लर म्हणजे एकच खोली. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, मान टेकवायला खाच असलेलं बेसिन, आणि समोर सेकंदकाट्याचं मोठं घड्याळ. खिडकीतून रस्त्यापलीकडचं चष्म्याचं दुकान दिसायचं.

ताईची कामाची रीत मोठी कडक. नवीन माणूस आलं किंवा नवीन रंगाचं खोकं आलं, की आधी कानामागे एक थेंब लावायचा आणि दोन दिवस वाट बघायची. लाल झालं, खाजलं, तर तो रंग त्या माणसाला नाही म्हणजे नाही.

"दोन दिवस? अहो, उद्या लग्नाला जायचंय मला!" एखादी बाई कुरकुरायची.

"मग पांढऱ्या केसांनी जा. नवरी तुम्ही नाही ना?" ताई म्हणायची. "पी हळद आणि हो गोरी, असं माझ्याकडे चालत नाही."

आणखीही तिचे नियम होते. आदल्या दिवशी डोकं धुऊन यायचं नाही, कारण टाळूवरचं आपलं आपलं तेल हेच तिचं पांघरूण. कपाळाच्या कडेनं आणि कानांवर आधी मलम लावायचं. जोरात विंचरायचं नाही, खाजवायचं तर अजिबात नाही.

मित्रांनो, मी जे पाहिलं ते फार थोड्यांना दिसतं. माणसाचं डोकं मी वरून पाहिलं. तिथे सगळे सारखेच उघडे असतात. करड्या आवाजाच्या एका मुख्याध्यापिकाबाई यायच्या. त्यांच्या डोक्याच्या मागे तान्ह्या बाळासारखा इवलासा भोवरा होता, नदीत पाणी गोल फिरावं तसा. त्यांना तो कधीच दिसला नसेल. एका डोक्यावर लाखभर केस, आणि प्रत्येकाचं मूळ वेगळं, आपापल्या दिशेनं वाढणारं! महिन्याला बोटभरही नाही, नखाएवढं वाढायचं, पण थांबायचं नाही. मुळाशी असलेला रंग एक दिवस संपतो, तरी केस म्हणत नाही की आता मी उगवणार नाही. तो पांढरा उगवतो. तुमची आई बुटाची नाडी बांधायला खाली वाकेल ना, तेव्हा एकदा तिच्या डोक्याकडे वरून बघा. बघाच.

अशी खूप वर्षं गेली. "हा ब्रश म्हणजे माझं सहावं बोट," असं ताई म्हणायची. पुढे प्लॅस्टिकचे रंगीत ब्रश डझनानं आले, पण कठीण काम असलं की तिचा हात माझ्याकडेच यायचा. मला त्याचा फार अभिमान होता. त्या अभिमानात मी काय केलं, ते आता सांगतो.

समोरच्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाईंना सगळे चष्मेवाल्या मावशी म्हणत. त्या दहा वर्षं ताईकडून केस काळे करून घेत होत्या. कधी काही त्रास झाला नाही. एकदा नेहमीचा रंग मिळेना, म्हणून ताईनं दुसऱ्या रंगाचं खोकं आणलं. रीतीप्रमाणे कानामागे थेंब लावला. दोन दिवसांनी मावशी आल्या, खुर्चीत बसल्या. ताईनं त्यांचे केस बाजूला केले आणि ती थांबली.

"मावशी, हे लाल कसलं?"

"अगं, चष्म्याच्या दांडीचा वळ तो. दिवसाला पन्नास कान बघते मी. मला शिकवतेस?"

"पण परवा इतका नव्हता."

"परवा ही फ्रेम नव्हती. नवी आहे, घट्ट बसते. गावाच्या फ्रेमा सैल करून देते, स्वतःची करायला वेळ नाही." मावशींनी आरशातून ताईकडे डोळे वटारले. "लाव तू. माझे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत."

"उन्हानं झाले असते तर छत्रीवर भागलं असतं," ताई म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या. बाहेर तिघी जणी ताटकळत होत्या. हसता हसता ताईनं वाटीत रंग कालवला आणि मला उचललं.

लालसर डाग मीही पाहिला होता. पण मी ब्रश. मी टेकलो, जिथे मला टेकवलं तिथे. मुळापाशी, कातडीवर, नेहमीसारखा, अगदी मन लावून.

दहाव्या मिनिटाला मावशी म्हणाल्या, "जरा चुणचुणतंय गं." ताईनं ताबडतोब डोकं धुतलं. भरपूर पाणी ओतलं. पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी समोरचं दुकान उघडलं नाही. ताई मावशींच्या घरी जाऊन आली आणि खुर्चीवर, गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर, मटकन बसली. टाळूला फोड आले होते, पापण्या इतक्या सुजल्या होत्या की एक डोळा उघडतच नव्हता. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की शरीर एखादी गोष्ट दहा वर्षं सोसतं आणि अकराव्या वर्षी नको म्हणतं. एकदा नको म्हटलं की ते जन्मभर लक्षात ठेवतं.

"मी बघितला होता तो डाग," ताई रिकाम्या खोलीत म्हणाली. "बघितला होता मी."

तिनं मला धुतलं, पुसलं आणि खणात सर्वांत मागे ठेवून दिलं. तिथे मी आठ महिने अंधारात होतो. कुणी रागावून ठेवलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं अगदी हळुवारपणे ठेवलं होतं.

त्या आठ महिन्यांत मावशी बऱ्या झाल्या. पण केसांना रंग नाही. काळं खाली खाली सरकत गेलं, कापलं गेलं आणि डोकं पांढरंशुभ्र झालं. मग एके दुपारी मला खणातून त्यांचा आवाज ऐकू आला.

"आई मला ओळखत नाही गं."

मावशींच्या आई खूप म्हाताऱ्या होत्या. त्यांची आठवण उसवत चालली होती, जसा जुन्या स्वेटरचा एक धागा सुटतो आणि ओळीमागून ओळ निघत जाते. वार गेले, शेजारी गेले, स्वतःचं वय गेलं. पण लेक मात्र शिल्लक होती. "केस पांढरे व्हायला लागले तेव्हा म्हणायची, तू दमलेली दिसतेस. मग म्हणायला लागली, तुम्ही कोण? माझ्या मुलीचे केस काळे आहेत, ती येईल एवढ्यात. काल मी दूध आणायला गेले, तर आतून कडी लावून घेतली. म्हणे अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही, लेकीनं सांगितलंय. मीच सांगितलंय गं तिला ते!"

मावशी हसायला गेल्या आणि त्यांना ते जमलं नाही.

"केसांचा टोप घालून बघितलात?"

"घातला. आई घाबरली. आणि माझ्या टाळूला तो पाच मिनिटं सोसेना. तू काहीतरी लाव. थोडं भाजलं तरी चालेल मला."

"मला नाही चालणार," ताई म्हणाली. "तुमचा डोळा उघडत नव्हता, मावशी. मी बघून आलेय."

खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग ताई म्हणाली, "डॉक्टरांकडून लिहून आणा. काय काय चालणार नाही, सगळं. आणि कसं लावणार आहोत तेही त्यांना विचारून या."

कागद आला. तो समोर ठेवून ताईनं चौदा खोक्यांवरची बारीक अक्षरं वाचली, तीही मावशींच्याच दुकानातलं भिंग घेऊन. तेरा खोकी बाद झाली. चौदाव्यातला रंग काळा नव्हता, फिकट तपकिरी होता, आणि धुता धुता महिन्याभरात निघून जाणारा. डॉक्टर म्हणाले, हा बघायला हरकत नाही, पण आधी थेंब लावा, आणि डोक्यावर लावताना कातडीला लागू देऊ नका.

या वेळी थेंब कानामागे नाही, कोपराच्या आत लावला. "इथे तुमच्या चष्म्याची दांडी पोचत नाही," ताई म्हणाली. दोन दिवस पुरले असते, तिनं चार घेतले. रोज सकाळी रस्ता ओलांडून ती दुकानात जायची. "दाखवा कोपर!" गिऱ्हाइकं बघत राहायची. एका आजोबांनी तर आपलाही कोपर पुढे केला म्हणे, त्यांना वाटलं चष्म्याचा नंबर आता असा काढतात.

कोपर स्वच्छ राहिला. मग प्रश्न आला तो ब्रशचा. प्लॅस्टिकचे ब्रश ताठ, केसांवरून उडत आणि शिंतोडे टाकत. ताईनं खण उघडला. माझे निम्मे तंतू झिजून गेले होते, उरलेले मऊ पडले होते. तिनं मला उजेडात धरलं, आणि कामाला घेतलं.

मावशी एका खुर्चीत बसल्या. दुसऱ्या खुर्चीत त्यांची आई, कारण त्यांना घरी एकटं ठेवता येत नव्हतं. ताईनं केसांची एकेक पातळ बट उचलली, तिच्याखाली चंदेरी फॉइलची पट्टी सरकवली आणि मला वरून खाली नेलं. मुळापासून नाही. मुळाच्या अलीकडे, तांदळाच्या दाण्याएवढं अंतर सोडून.

मित्रांनो, मी जन्मभर टेकायला शिकलो होतो. न टेकायचं कसं, हे मला ठाऊक नव्हतं. ती दाण्याएवढी जागा मला शेताएवढी वाटली. तिथे गुलाबी कातडी होती, जुन्या फोडांच्या फिकट खुणा होत्या, आणि त्यांच्या मधून पांढरे केस उगवत होते, एकेक, कोवळ्या कोंबासारखे. जिथे मी आग लावली होती, तिथेही उगवले होते! काही तक्रार नाही, काही नाही. मी श्वास घेत नाही, नाहीतर रोखून धरला असता. ताईनं मात्र रोखला होता. प्रत्येक बट संपली की ती तो सोडायची.

शेजारच्या खुर्चीतून आजी अदबीनं विचारत होत्या, "या बाईंना काय झालंय हो?"

"काही नाही आजी, केस रंगवतोय त्यांचे."

"असं होय. मला न्यायला माझी मुलगी येणारे."

मावशी आरशात सरळ बघत राहिल्या.

दीड तासानं डोकंभर फॉइलच्या घड्या झाल्या. मावशी हलल्या की त्या सगळ्या सळसळायच्या. ताईनं घड्याळाकडे बघून वेळ मनात धरली. तेवढ्यात आजींनी मान वळवली, डोळे बारीक करून पाहिलं, आणि त्या खुदकन हसल्या.

"अगं टिटवे! हे काय करून घेतलंस डोक्याचं? डबे बांधायचा कागद संपवलास की सगळा!"

लहानपणी मावशी फार बडबड करायच्या म्हणून घरात त्यांना टिटवी म्हणत. ते नाव गेल्या आठ महिन्यांत कुणी घेतलं नव्हतं. केस अजून पांढरेच दिसत होते, जे रंगले होते ते कागदाखाली झाकलेले. मग आजींनी लेकीला कशावरून ओळखलं? मला माहीत नाही. ताईला माहीत नाही. डॉक्टरांनाही सांगता आलं असतं असं वाटत नाही.

"हो आई," मावशी कशाबशा म्हणाल्या.

"जेवलीस का? नसशीलच. दुकानात बसलीस की तुला भानच राहत नाही. आणि चष्मा सैल कर तो. नाकावर बघ कसे खड्डे पडलेत."

"करते गं आई."

मावशी अगदी स्थिर बसल्या होत्या, मांडीवर झोपलेलं मूल हलू नये म्हणून आई बसते तशा. आजी बोलत होत्या. शेजारी परत आले होते, वार परत आले होते, कुठल्यातरी जुन्या छत्रीची आठवण निघाली होती. आणि भिंतीवर सेकंदकाटा पळत होता.

"मावशी, वेळ झाली. धुवायला हवं," ताई हळूच म्हणाली.

"थांब ना. दहा मिनिटं."

"जास्त ठेवायचं नाही आपल्याला."

"ती बोलतेय गं माझ्याशी!" मावशींच्या डोळ्यांत पाणी होतं. "उठले आणि पुन्हा विसरली तर? थोडं लागलं टाळूला तर लागू दे."

ताईच्या हातात मी होतो. तिची बोटं माझ्या दांड्यावर घट्ट झाली. "मागच्या वेळी मी तुमचं ऐकलं होतं," ती म्हणाली. "आज नाही ऐकणार."

मग तिनं मला बेसिनच्या कडेवर ठेवलं आणि आजींसमोर उकिडवी बसली. "आजी, टिटवीचं डोकं धुवायचंय. येता का मदतीला?"

आजी लगेच उठल्या. बाही वर सारली. मावशी खाचेत मान टेकवून बसल्या, ताईनं एकेक कागद उलगडून काढला आणि पाणी सोडलं. त्या क्षणी आजींचा हात पुढे आला आणि मावशींच्या कपाळावर आडवा बसला, पत्र्याच्या छपरासारखा, भुवयांच्या वर. डोळ्यांत एक थेंब जाऊ नये म्हणून.

"डोळे मीट. घट्ट मीट," आजी म्हणाल्या. "झालंच बघ. रडायचं नाही. कुठे काही झोंबलं तर सांग हं मला."

मी त्या कडेवर ओलाचिंब पडून ते पाहिलं. मी हजारो डोकी पाहिली आहेत, पण असं काही पाहिलेलं नाही. त्या बाईंना आजचा वार सांगता येत नव्हता. घराचा पत्ता सांगता येत नव्हता. पण पाणी सुरू होताच हात कपाळावर नेमका कुठे ठेवायचा, किती वाकडा धरायचा, म्हणजे पाणी मागे वाहील, हे त्या हाताला कुणी सांगितलं? पन्नास वर्षांपूर्वीचं ते छोटं डोकं त्या तळव्यात अजून होतं. साठीला आलेल्या मावशी त्याच्याखाली डोळे घट्ट मिटून पडल्या होत्या, आणि त्यांना काहीही झोंबत नव्हतं.

केस वाळले. फिकट तपकिरी, मऊ, भांगाशी पांढरी बारीक रेघ राहिलेली. ताईनं कपाळाची कड पाहिली, दोन्ही कानांमागे पाहिलं, पुन्हा पाहिलं. कुठे लाली नाही. मावशी उठल्या आणि आईसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

आजींनी वर पाहिलं. चेहऱ्यावर छानसं, परकं हसू होतं.

"सुंदर झालेत हो तुमचे केस," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलीचे अगदी असेच आहेत."

ताईनं मान फिरवली. मावशींनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "हो का? मला भेटायला आवडेल त्यांना."

"मग बसा ना. येईलच ती." आजींनी स्वतःची पिशवी उचलून शेजारच्या खुर्चीवर जागा केली. मावशी बसल्या. थोड्या वेळानं आजींनी त्यांचा हात हातात घेतला. दोघी मिळून मुलीची वाट बघत बसल्या, आणि आजी तिच्याविषयी सांगत राहिल्या. इतकं कौतुक मावशींनी आईच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. त्या रात्री घराला आतून कडी लागली नाही.

आता त्या दोघी दर पाच आठवड्यांनी येतात. कधी मावशी टिटवी असतात, कधी नुसत्या त्या चांगल्या केसांच्या बाई. थेंब आधी लावला जातोच, दर वेळी. माझे तंतू आता मोजता येतील इतके उरले आहेत. हे काम संपलं की मी संपेन, आणि त्याचं मला दुःख नाही.

मित्रांनो, निरोप घेताना एवढंच मागतो. पांढऱ्या केसांना हसू नका आणि ते रंगवणाऱ्यांनाही हसू नका. कोण कशासाठी रंगवतं ते तुम्हाला ठाऊक नसतं. मला किंवा माझ्या भावंडांना वापरलंत तर धुऊन, पुसून ठेवा. आणि कुणाच्याही डोक्याला, हाताला, मनाला हात लावाल तेव्हा आधी थोडंसं लावून बघा आणि थांबा. कातडी फार हळू आवाजात बोलते. माणसंही तशीच बोलतात. "जरा चुणचुणतंय" एवढंच म्हणतात. तेवढ्यावरच उठा. ती ओरडेपर्यंत थांबू नका.